गाळपेर

फेब्रुवारीत धरण मागं सरकतं,
रुसलेल्या सोयऱ्यासारखं, वळूनही न बघता.
आणि जो काळा, भेगाळ पट्टा उघडा टाकून जातं
त्यातले वीस गुंठे अकरा महिने माझे.
पावती आहे. पाटबंधारेचा शिक्का,
खाली नाव: वच्छला रंभाजी गल्हाटे, धरणग्रस्त.
तिथं नांगर लागत नाही.
काकडीचं बी बोटानं दाबायचं
आणि बोट पदराला पुसायचं, एवढीच पेरणी.

पोलय्या आला तो कंत्राटदाराच्या टेम्पोतून,
सोबत जाळी, थर्माकोलचा तराफा,
चिंचेची एक पिशवी.
गोदावरी जिथं समुद्राला मिळते तिथला.
आम्ही तिला गंगा म्हणतो.
तो म्हणाला, गोदारी.
दोघांनी एकाच वेळी पाण्याकडं हात केला.

त्याच्या गावात आधी सरूची रांग गेली,
मग मासळी वाळवायचं अंगण,
मग शाळेची भिंत, फळ्यासकट.
सरकारनं तारेच्या जाळीत दगड भरून
गावापुढं रचले, माणसाच्या छातीइतके.
समुद्र त्यांच्याखालून शिरला,
कणगीखालून घूस शिरते तसा.
‘दर्या को मिट्टी होना अक्का,’ तो म्हणाला,
‘पत्थर नको.’

मग वेलांमधून चालता चालता तो थांबला.
वाकला. चिमूटभर गाळ
अंगठ्यानं तळहातावर चोळला,
दुकानात पीठ बघतात तसा,
आणि जिभेला लावला.
‘ये हमारा है.’
तो हसला.
मी हसले नाही.
माझ्या हातात त्याच गाळातली काकडी होती,
अर्धी सोललेली.

आमचं गाव पाण्यात गेलं ते मला माहीत होतं.
आईनं जात्याची वरची तळी उचलून आणली,
खालची राहिली,
हे मी चारचौघांत सांगत आले.
ज्या वर्षी पाणी फारच उतरतं
त्या वर्षी मारुतीचा ओटा दिसतो, आम्ही नारळ फोडतो.
पण हजार-बाराशे किलोमीटर खाली
आणखी एक गाव याच भिंतीनं बुडवलं,
पाणी अडवून नाही,
माती अडवून,
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
पावतीवर तसा रकानाही नाही.

उन्हाळ्यात जेसीबी आले.
गाळ काढा, शेतात टाका, फुकट.
ट्रॅक्टरमागं ट्रॅक्टर, वर भोंगा,
माती निघाली उसाच्या रानांकडं,
डोंगराच्या अंगानं, उलटी.
पोलय्या तराफ्यावर बसून बघत राहिला.
त्यानं मोजले का, मी विचारलं नाही.

आमचाही काठ खचतो.
पश्चिमेचा वारा सुटला की लाटा
रस्त्याखालची दरड चाटून खातात.
जायच्या आधी दोन दिवस त्यानं
बेशरमीच्या काड्या तोडल्या
आणि कमरेइतक्या पाण्यात उभं राहून
वीतभर अंतरानं खोचत गेला.
त्यांच्याकडं चिखलात उभी राहणारी झाडं असतात म्हणे,
मुळं वर काढून श्वास घेणारी.
इथं बेशरम तर बेशरम.
हिशेब झाला तेव्हा काकड्यांचे
साठ रुपये त्यानं मोजून दिले.
मी घेतले. खोटं कशाला सांगू.

ऑगस्टात दरवाजे उघडले.
पूल माणसांनी भरला, पोरं शिट्ट्या मारत होती.
फोन वाजला.
‘अक्का, पानी छोडे?’
छोडे, म्हटलं.
‘रंग?’

मी कठड्यावरून वाकले.
पाणी पडत होतं पांढरंशुभ्र,
पिंजलेल्या कापसासारखं,
आणि खाली गेल्यावर निवळ,
तळाचा खडक दिसेल इतकं.

गढूळ आहे, म्हटलं.
लई गढूळ.

पलीकडं कितीतरी वेळ नुसता आवाज येत राहिला.
समुद्राचा असेल,
किंवा पुलावरच्या वाऱ्याचा.