खांद्यावरून

इसोबे तोमोनारीची कारकीर्द मला विचाराल
तर मी ती धुण्यावरून सांगेन.
बावीस वर्षं तोत्तोरीच्या या क्लबात
मी कपडे धुतो, बूट पुसतो, चेंडूंत हवा भरतो.
गोल करणाऱ्यांची जर्सी छातीवर मळते,
बचाव करणाऱ्यांची कुशीला.
इसोबेची सगळीकडून, सारखीच.
अडकित्त्यातल्या सुपारीला
कुठली आली पुढची-मागची बाजू?

आला तेव्हा अठराचा. साकाताहून.
बाप मासेमारी होड्यांची इंजिनं उघडून बसणारा,
आई शाळेच्या मैदानावरचा बर्फ उपसणाऱ्या बायकांत
सगळ्यांत आधी फावडं घेऊन हजर.
पाठीवर सव्वीस नंबर.
पहिल्या मोसमात अकरा मिनिटं.
तरी दर आठवड्याला जर्सी आणून द्यायचा, घडी करून.
"घाम नाही, कुराहाशी-सान," म्हणायचा,
"पण बाकावर बसूनही माणूस आंबतो."

त्याची एक खोड होती.
चेंडू पायाशी यायच्या आधी
डाव्या खांद्यावरून बघायचा, मग उजव्या,
पुन्हा डाव्या.
मैदानात ठीक. पण नूडल्सच्या दुकानात,
तिकिटाच्या रांगेत,
माझ्या धुलाईच्या खोलीत शिरतानाही तेच.
लग्नाच्या फोटोत मिनाए कॅमेऱ्याकडे बघते आहे
आणि हा भलतीकडेच,
जणू पुजाऱ्यामागून कुणी धावून येतंय.

मग सोळा नंबर.
मग उजवा गुडघा, नऊ महिने.
मग एक वर्ष थायलंडच्या क्लबाला उसना दिला.
माणूसही उसना देतात, हे मला इथेच कळलं.
परत आला तो मोज्यांत तांबडी माती घेऊन,
ती तीन धुण्यांत गेली नाही.
चौथ्यांदा मी धुतले नाहीत.

बढतीचा सामना. डिसेंबर,
समुद्रावरून आडवा पाऊस, एकोणनव्वदावं मिनिट.
गोल ओगिनोचा.
पास वाग्नेरचा, तो ब्राझीलचा, हातमोजे घालून खेळणारा.
आणि त्या पासच्या आधीचा पास इसोबेचा,
चार-साडेचार मीटर,
मी चहाचा कप सरकवतो तेवढ्या जोराने.
असल्या पासला तक्त्यात रकाना नसतो.
सकाळी पेपरात हात पसरलेला ओगिनो,
त्याच्यामागे, धूसर, एक कोपर.
त्या बाहीची शिवण मीच घातलेली.
"तुझं नावसुद्धा नाही," मी चिडून म्हणालो.
तो बुटांची नाडी सोडवत होता.
"आईचा फोन आला होता. म्हणाली,
कोपर दिसलं."

पुढे नवा प्रशिक्षक आला, टॅब्लेट घेऊन.
कोण किती किलोमीटर धावला,
ते त्यात दिसायचं.
कोणाला धावायची गरजच पडली नाही,
ते दिसायचं नाही.
इसोबे तेहतीसचा झाला.
नोव्हेंबरात ऑफिसात बोलावून चहा दिला.
आमच्याकडे नको असं म्हणत नाहीत,
शून्य येनचा प्रस्ताव देतात.
तो घ्यायचा असतो,
दोन्ही हातांनी, कमरेत वाकून.

मग करार सुटलेल्यांची चाचणी.
साठेक जण, आणि प्रत्येकाला गोलच मारायचा,
कारण कठड्यापाशी वह्या घेऊन बसलेले.
इसोबेने म्हणे तिथेही
चार-चार मीटरचे पास दिले.
दोन आठवडे फोन उशाशी ठेवून झोपला.
एकदा वाजला. विमा कंपनीचा.

सामान परत करायला आला तेव्हा
जर्सी, चड्ड्या, मोजे,
सगळं घरून धुऊन आणलेलं.
बावीस वर्षांत मला कुणी
धुतलेले कपडे दिले नव्हते.
काय बोलावं सुचेना, म्हणून
पावती फाडली, शिक्का मारला.
तो वाकला. मीही वाकलो, जरा जास्तच वेळ.

तो गेल्यावर सगळं मशीनमध्ये टाकलं. पुन्हा.
आणि खिडकीशी गेलो.

फाटकाबाहेरचा रस्ता
त्या वेळी नेहमीच रिकामा असतो.
तरी तो कडेला थांबला.
डाव्या खांद्यावरून. मग उजव्या.
पुन्हा डाव्या.
"जा रे," मी काचेआडून म्हणालो,
"कुणी नाही."