पाचवी गाठ

सातपूरला अकरा वर्षं मोटारींच्या कॉइली भरल्या मी,
अंगठ्याला तांब्याच्या तारेचा घट्टा अजून आहे.
मग कंपनीने शटर ओढलं
आणि आत्तेभावाने या स्पर्धेच्या मांडवात आणून बसवलं:
एक यंत्र, एक चिमटा, एक आरी.
रॅकेट विणायची, नगाला साडेतीनशे.

खेळातलं मला फारसं कळत नाही.
पंधरा, तीस, मग पंचेचाळीस का नाही,
पहिल्या दिवशी गांगुर्डेला विचारलं.
तो कोर्ट झाडतो, जाळी ताणतो.
म्हणाला, असतंच ते तसं.

पण तार कळते.
खेळाडू बोलत नाहीत, आकडा सांगतात.
दिल्नोझा, ताश्कंदची, दुसरं मानांकन:
सोमवारी चोवीस किलो,
बुधवारी तेवीस,
उपांत्य सामन्याच्या आदल्या रात्री साडेएकवीस.
अडीच किलो कुणी उगाच सोडत नाही.
चिठ्ठी तिने डाव्या हाताने दिली,
उजवा जॅकेटमधून बाहेर काढलाच नाही.
निफाडचा पारा सहावर होता म्हणा त्या दिवशी.
समोर इरोडची मलर, पात्रता फेरीतून वर आलेली.
तिचे तीन नग. तिन्ही सव्वीस. बदल नाही.

रॅकेटला चार गाठी असतात,
दोन उभ्या तारेच्या, दोन आडव्या.
पाचवी मी मनाशी बांधली, खूणगाठ:
मलर, दोन सेटमध्ये.
बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहिलं, पान दुमडलं,
गांगुर्डेशी पैज लावली, एक मिसळ, जादा पावासकट.

नऊच्या सुमाराला एक जण आला,
इस्त्रीचा शर्ट, बुटात मोजे नाहीत.
गंगापूर रोडची हवा छान आहे म्हणाला,
द्राक्षं काय भाव म्हणाला,
मग सहज, कुणाची तार ढिली झाली का हो?
आणि बिलबुकावर पाचशेच्या दहा नोटा.
जेलरोडच्या छापखान्यात बहिणीच्या सासऱ्यांनी
तीस वर्षं नोटा मोजल्या,
घरी फक्त पगार आणला.
मी यंत्राचा दांडा फिरवत राहिलो.
म्हटलं, साहेब, इथे सगळ्यांच्या कडकच असतात.
त्याने नऊ उचलल्या.
दहावी विसरला की ठेवली, कळेना;
फाटकापर्यंत धावत जाऊन दिली.

त्याला सांगितलं नाही, हे खरं.
पण मला माहीत होतं,
आणि माहीत असलेल्या माणसासारखा
मी गाढ झोपलो.

दुपारी पहिला सेट सहा-दोन, मलर.
लांबूनच गांगुर्डेला मी पाव मोडून दाखवला.
मग दिल्नोझाने जोर मारणंच सोडून दिलं.
त्या ढिल्या विणीत चेंडू क्षणभर जास्त थांबायचा,
घरातून निघताना काही राहिलं का बघावं तसा,
आणि मग जाळीपलीकडे अलगद पडायचा.
मलर पळायची, पोचायची, पुन्हा पळायची.
सात-पाच.
सहा-तीन.
शेवटी हात मिळवताना दिल्नोझाने डावा पुढे केला.

म्हणजे दुखणं मी बरोबर ओळखलं होतं.
तेवढंच.
अडीच किलो तिने गमावले असं मी धरून चाललो,
तिने ते कुठेतरी जपून ठेवले होते.

गांगुर्डेने तर्री दोनदा मागून घेतली.
पाव पाच. पैसे मी दिले.
वर म्हणतो कसा, तू तार बघ, माणसं मी बघतो.
तो तरी कुठे बघतो, झाडू मारतो.

संध्याकाळी तीच रॅकेट परत आली, अंतिम सामन्यासाठी.
चिठ्ठीवर एकवीस.
जुनी तार मधोमध कापली, नवी ओवली,
एकेक ओढ मोजून घेतली.
चौथी गाठ मारली
आणि कात्री खाली ठेवायच्या आधीच
बोटं
आणखी एक टोक शोधू लागली.