उटी

आमच्या निपाणीच्या वखारीत आता तंबाखू नाही,
लॉऱ्या आहेत.
चार. लांब नाकाच्या, जुन्या.
एकीला इंजिन आहे, एकीला दोन आहेत,
उरलेल्या दोघींचं काय ते मला विचारू नका.

तरी आत पाऊल टाकलं की शिंक येतेच.
चाळीस वर्षांचा तंबाखू भिंतींनी सोडलेला नाही,
डिझेल नुसतं त्याच्या शेजारी येऊन बसलंय
पाहुण्यासारखं, खुर्चीच्या कडेला.

लोक सोनं घेतात, कागलला प्लॉट घेतात.
आमच्या ह्यांनी गडहिंग्लजकडच्या एका गोठ्यातून बेडफर्ड घेतली.
हौद्यात कडबा, टपावर भोपळ्याचा वेल.
मालक म्हणाला, वेलासकट न्या की, धरलाय अजून.
दसऱ्यापर्यंत आम्ही भोपळाच खाल्ला.

मग हॉर्न, गोकाकच्या भंगारातून.
मग डिझेलच्या टाकीचं झाकण, त्यासाठी हुबळीला तीन खेपा.
नाकावरची सात अक्षरं बेळगावात उद्यमबागेत पितळेची ओतून आणली,
त्यातलं एक केसभर वाकडं निघालं.
मला दिसलं नाही. ह्यांना झोप लागली नाही.
पुन्हा ओतलं.

दारावरचा रंग खरवडताना मी पाणी सोडत होते.
हिरव्याखाली लाल,
लालाखाली कन्नड अक्षरं, मालकाचं नाव असावं,
त्याखाली निळा, आणि निळ्याखाली
तेच नाव मराठीत.
हे पॉलिशपेपर हातात धरून उभे:
आता कुठल्या थरावर थांबायचं?
मी म्हटलं, पत्रा लागेल तिथं.
थांबले नाहीत. दार अजून अर्धंच आहे,
दोन्ही नावं जिथल्या तिथं.

बघायला येतात माणसं. कोल्हापूरची पोरं फोटो काढतात,
टायरवर पाय ठेवून.
मी चहा करते, साखर किती ते विचारत नाही.

एका मंगळवारी कणगल्याहून मौला सनदी आले,
नातवाच्या मोटारसायकलवर, मधे उशी घेऊन.
ह्याच जातीच्या लॉरीवर किन्नर होते म्हणे, अकरा वर्षं.
ह्यांना केवढा आनंद! दार उघडलं, हात दिला,
बसा चाचा, गिअर धरून बघा.
चाचा बसले नाहीत.
भोवतीनं एक फेरी मारली, सावकाश,
मागच्या चाकाशी वाकले
आणि विचारलं, उटी कुठाय?

आम्ही गप्प.
नेमगोंडा पाटलांच्या वहीत दोनशे चौदा सुट्या भागांची नावं आहेत,
कुठला मिळाला, कुठला नाही, कुणाकडं आहे,
उटीचा त्यात शब्द नाही.

मग त्यांनीच सांगितलं,
डोळे चाकावर, आमच्याकडं नाहीत:
तवंदीचा घाट लागला की मी खाली.
वर तंबाखूचे बोद, ब्रेकचं काही खरं नाही,
मी मागनं चालूलालोय, हातात बाभळीचा ठोकळा.
गाडी दमली की लाव, निघाली की काढ. लाव, काढ.
अकरा वर्षात तो घाट मी गाडीत बसून
एकदाबी चढलो नाही बगा.

चहा निवला होता. दुसरा नको म्हणाले.
जाताना भिंतीजवळची अर्धी वीट उचलली,
मागच्या चाकाखाली सरकवली,
पायानं ठोकून घट्ट केली.

वखारीची फरशी सपाट आहे. पाणी सांडलं तर
तेसुद्धा कुठं जायचं ते ठरवत बसतं.

वीट तिथंच आहे.
वाकडं अक्षर न खपणारा माणूस
ती काढत नाही, वहीतही लिहीत नाही.
मी झाडते तेव्हा
तिच्या भोवतीनं झाडते.