वेडा राघू, एक

गावाच्या सांडपाण्याच्या तळ्यावर आमची पक्षी बघायची जागा.
पलीकडे समुद्र आहे, कडे आहेत,
मेयोच्या पोस्टकार्डांवर छापतात ते सगळं.
पण चिखल्यांना गाळ आवडतो
आणि आम्हाला चिखल्या.

लाकडी आडोसा, आठ बाय सहा.
फळीवर वही, सुतळीनं बांधलेली.
सुतळीच्या दुसऱ्या टोकाला पेन,
ते ओलीमुळे ऑक्टोबर ते एप्रिल उमटत नाही,
म्हणून पेन्सिल ज्याची त्यानं आणायची.
तारीख, वारा, काय, किती.

टपाल वाटून झालं की मॅलकी गॉहन
सायकल कुंपणाला टेकवून आत यायचा
आणि पाणकावळेसुद्धा मोजायचा,
जे आम्ही केव्हाच मोजायचे सोडले होते.
"टिटव्या ४१. एक लंगडी."
दुसऱ्या दिवशी, "टिटव्या ४०."
त्यावर आणखी एक शब्द नाही.

मग जूनमधल्या एका मंगळवारी, वारा आग्नेयेचा,
त्याच तिरक्या अक्षरात:
"वेडा राघू, एक. विजेच्या तारेवर. सात मिनिटं."

वेडा राघू!
आफ्रिकेतून निघून स्पेनमध्येच थांबणारा,
ऊन प्यायल्याशिवाय पंख न उघडणारा,
तो आमच्या मैलापाण्यावर, भुरभुर पावसात!
फोटो नाही. दुसरा साक्षीदार नाही.
डब्लिनच्या समितीनं तीन महिन्यांनी कळवलं,
'सिद्ध होत नाही', खाली आभार.
आणि वहीत त्या ओळीखाली
कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं:
"पहिला शब्द पुरे."

हिवाळाभर पुरलं आम्हाला ते.
"काय मॅलकी, आज मोर?"
तो दुर्बिणीच्या काचा पुसत राहायचा.
वाद घातला नाही, यायचंही सोडलं नाही,
फक्त वहीत त्याचं नवीन काही येईना.
टिटवी, बगळा, धोबी.
कुणालाही दिसेल तेवढंच.
पुढे कंबर गेली, मग सायकल गेली.

परवा अट्रॅक्टाकडे मध आणायला गेलो.
बरणीचं झाकण आवळत ती म्हणाली,
"यंदा बरा आहे. त्या वर्षी तो रंगीबेरंगी मेला
पेट्यांसमोर येऊन बसला होता ना,
माशी धरायचा, फांदीवर आपटायचा, गिळायचा.
चर्चच्या खिडकीचा तुकडा निखळून उडावा तसा. गळा पिवळा.
फडकं घेऊन हाकलला. गेला तळ्याकडे."

"कुठल्या दिवशी?"
"मंगळवारी. एरवी मी घरी असते कुठे?"
"कुणाला सांगितलं नाहीस?"
"कुणी विचारलं? मला वाटलं, कुणाचा तरी पाळलेला."

बरणी गाडीत तशीच. मी आडोशात.
जुन्या वह्या बाकाखालच्या खोक्यात,
उंदरांनी कडा खाल्लेल्या.
पान सापडलं. रबर मी वाटेत घेतलं होतं.

हो, ते मीच लिहिलं होतं.

शिसं गेलं. कागदावर वळ राहिला,
पान उजेडाला तिरकं धरलं तर वाचता येतो.

मॅलकी हल्ली लेकीकडे असतो, मागच्या खोलीत,
खिडकीतून एक कपडे वाळत घालायची दोरी दिसते.
त्याला सगळं सांगितलं. पेट्या, फडकं, मंगळवार.
पेन्सिलही सांगितली, शेवटी, घाईघाईनं.
तो बराच वेळ दोरीकडे बघत होता.
"पिवळ्या गळ्याखाली काळी रेघ होती म्हणाली का?"
"ते विचारलं नाही."
"विचारायचं, बाबा. त्याशिवाय कोण मानेल?"
आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

पेन्सिलीचं काहीच बोलला नाही.
परत येताना, पुलाच्या चढावर, लक्षात आलं:
पस्तीस वर्षं हा माणूस
आमच्या पाकिटांवरची अक्षरं वाचत होता.