ने म्हणजे हो

निवतीच्या बंदरावर, उपसलेल्या जाळ्यांना पाठ टेकून
बाव तांडेल सांगतात, मी लिहिते.
त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं मिटत नाहीत,
म्हणून पेन माझ्याकडे.

नऊ दिवसांनी मी जहाजावर चढणार, डेक कॅडेट.
मालक पिरेअसचा, झेंडा भलत्याच देशाचा.
मोबाईलमधली बाई रोज रात्री शिकवते,
'संग्रहालय कुठे आहे?'
'खिडकीजवळचं टेबल मिळेल का?'
बाव ऐकतात, विडी विझवतात.
"माझी अकरा वर्सां त्येंच्या बोटीर गेली.
खिडकेकडचा टेबल माका कोणी देवक नाय."

त्यांची वही वेगळ्याच पानापासून सुरू होते.
"पयलो लिव. मोठ्या अक्षरात. ने.
ने म्हणजे हो."
पहिलाच दिवस, इंजिनरूम, कानठळ्या.
साहेबाने खुणेने विचारलं, व्हॉल्व्ह बंद केलास?
हे म्हणाले, नाय.
त्याने ऐकलं, ने.
वाफेला कुठलीच भाषा येत नव्हती.

तर ने म्हणजे हो.
आणि नाही म्हणजे ओही.
"व्हकटी लागली की पाणी मागे सरता ना, तसा. ओही."
मी तसंच लिहिते, ओहोटीसकट.

आव्रियो म्हणजे उद्या.
सगळ्या खलाशांना वाटायचं, साहेब म्हणतोय आवर,
पगाराच्या तारखेला सगळे भांग पाडून, आवरून बसायचे.
पोते म्हणजे केव्हा, लेफ्ता म्हणजे पैसे.
"पोते ता लेफ्ता, पोते ता लेफ्ता, तीन म्हयने म्हणत होतंव.
पोता काय भरला नाय."

सिगा सिगा, हळूहळू.
शिडी उतरताना, दोर सोडताना,
आणि घरचं पत्र फोडताना.
एला म्हणजे ये.
"त्येंनी एला म्हटला, की आपण म्हणूचा, इलंय.
ह्या एकच जमता बग, न शिकता."

आणि समुद्र?
"थालासा. पण तो लिवू नको.
तो दिसतलोच."

एफ्खारिस्तो, आभार.
माझी जीभ तिनदा ठेचकाळते.
"लांब आसा, म्हणान कमी लोक म्हणतत."
मग वही माझ्या मांडीवरून स्वतःकडे ओढून
ते म्हणतात, ह्यो आता नीट लिव :
नेरो. पाणी.
त्या रात्री भाजलेला हात बालदीत धरून
बोटीवरचा आचारी, स्तामातिस, उजाडेपर्यंत बसून होता,
पाणी बदलत, सारखं म्हणत, नेरो, नेरो.
"माका वाटला, ह्येका नेरूर कसा ठावक?
माझ्या आयेचा म्हायार नेरूर.
तापात मी तेका सगळा सांगलंय,
तळी, देऊळ, मामाची काळी म्हस.
तो मान हलवी. ने, ने, म्हणा."

ग्रीस कसा आहे, बाव?
"चार तास बगलंय. एक छत्री घेतलंय.
पाऊस नाय होतो."

जाण्याच्या आदल्या रात्री आई बॅग भरते.
आई गगनबावड्याची, चोवीस वर्षं झाली,
अजून तिच्या तोंडी 'व्हर' येत नाही.
ती म्हणते, हे सुकट ने,
ही सोलं ने, कुळथाचं पीठ ने,
आणि हा बाम, हाही ने.
ओट्यावर बसून बाव प्रत्येक वेळी मान डोलावतात,
हो. हो. हो.
हो.

मी म्हणते, आई, पंचवीस किलोच चालतं.
मी म्हणते, ओही.
तिला हा शब्द कुणी शिकवलेला नाही.
ती चेन ओढते, चेन अडते,
ती गुडघा टेकून पुन्हा ओढते.