तीन आरोबा

कोमुनिदादीच्या कपाटात, भाड्याच्या पावत्यांखाली
ती वही सापडली. कसरीने कडा खाल्लेल्या,
शाई कोऱ्या चहाच्या डागासारखी.
मी शोधत होतो सर्व्हे नंबर एकशे बाराची हद्द:
असोळण्याचं ते फुटबॉलचं मैदान
नेमकं कुणाचं, यावर दावा लागलाय.

हद्द मिळाली नाही. घोडे मिळाले.

एकोणीसशे अकरा, कापणीनंतरचा दुसरा आयतार.
ढेकळं फोडून शेत सपाट केलेलं,
वळणावळणावर चुना फासलेले चिरे.
इगर्जीतले बाक उन्हात आणले होते,
त्यांचं भाडं नऊ तांगां, तेही लिहिलंय.
वाजंत्र्यांना जेवण. मानुएल सुताराला खिळे.

मग घोडे, एकेकाला अख्खं पान.
रेलांपागु: करडा, कपाळावर चांदणी,
बाप बसऱ्याचा, आई मुंबईच्या पागेतली,
डाव्या मागच्या खुराला जुनी चीर.
सिन्योरा: तांबडी, पाणी पिताना कान पाडते.
कान पाडते! कुणा कारकुनाने
पागेत उभं राहून एवढं बघून ठेवलं.

आणि स्वार?
स्वाराच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द:
मोसु. मोसु. मोसु.
म्हणजे पोरगा.

नाव नाही, पण वजन आहे.
मिठागरावरचा काटा आणला होता मैदानात,
एका पारड्यात मापं, दुसऱ्यात पोरगा,
तीन आरोबा, वर चार आरातेल.
जास्त भरला तर आठवडाभर पेज अर्धी,
कमी भरला तर कमरेला मिठाची पुरचुंडी.
रेलांपागु जिंकला. चांदीचा पेला बाप्तिश्त भाटकाराला.
पोराला दोन तांगां, एक उंडो.

अशी सहा वर्षं. सातव्या वर्षी मोजून दोन ओळी:
सिन्योरा तिसऱ्या चिऱ्यापाशी पडली.
गोळी घालण्याचा खर्च, इतका इतका.
स्वाराचा रकाना कोरा.
मोसुसुद्धा नाही.
पुढची पानं नारळांच्या हिशेबाची.

दुपारी पिएदादमायकडे गेलो. तिच्या दारात
मिरच्या वाळत होत्या, त्या ओलांडून.
प्रश्न पुरा होण्याआधीच ती हसली,
"तो? आमचो तीनआरोब! म्हज्या घोवाचो काको."
एक पाय आखूड, जन्मभर उंबऱ्यावर बसून
जाळी विणली त्याने, म्हणाली, लग्न नाही, काही नाही.
पण फेस्ताला बँड वाजू लागला की
गुडघे आवळायचा. खुर्चीलाच.
पुढे झुकायचा असा, आणि आम्ही मुलं
मागून शेपटीसारखी केरसुणी धरायचो.
त्याला राग यायचा नाही. ऐकूच यायचं नसेल.

"पण नाव काय होतं?"
ती थांबली. आत चुलीवर काहीतरी उतू गेलं
तरी उठली नाही.
बोटांवर माणसं मोजली, मेलेली, आफ्रिकेला गेलेली.
"नांव... तें पाद्री जाणा."

घराला मात्र ते वजन चिकटलंय अजून.
तिच्या नातवाच्या रिक्षामागे लिहिलंय: तीनआरोबकार.
नातू चांगला सात आरोबांचा असेल.
अर्थ त्याला ठाऊक नाही, मीही सांगितला नाही,
भाडं दिलं आणि मैदानाशी उतरलो.

संध्याकाळ होत होती. पोरं खेळत होती.
गुरं घरी निघाली तेव्हा पाहिलं:
मधून सरळ वाट असून ती कडेकडेने गेली,
वळण घेत, गवतातल्या एका फिकट रेघेवरून.
तिसरा चिरा कोपऱ्याच्या झेंड्याला टेकू म्हणून आहे.
हात लावला. चुना नाही उरला. ऊन होता.

रात्री अहवाल लिहायला घेतला.
पश्चिमेस ओहोळ. उत्तरेस पायवाट.
पूर्वेस बाप्तिश्तांच्या वारसांचं भाट.
दक्षिणेस काय लिहावं ते ठरेना, मग लिहिलं
तिसरा चिरा, जागेवर.
साहेब विचारतील, पहिले दोन कुठे आहेत.