सरवा

स्पाल्डिंगला जमीन इतकी सपाट
की उद्या येणारा माणूस आजच दिसतो.
उद्या, परवा, तेरवा धरून
परीक्षेला उरलेत नऊ दिवस.

उग्ने ओट्यावर पाय सोडून बसते.
डॅफोडिलच्या रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे कापून
मी तिला पत्ते करून दिलेत, तीनशे बारा.
पुढे शब्द, मागे अर्थ,
कडेला कुठे कुठे अजून छापलेलं दिसतं:
दहा देठ, थंड जागी ठेवा.

"ऑब्स्टिनेट."
"हट्टी."
"वाक्यात?"
"माझा भाऊ ऑब्स्टिनेट आहे, रात्रपाळीहून येतो आणि झोपत नाही."
"मीगर."
"तुटपुंजा. पगार."
"पगारच का?"
"पुस्तकात जेवण दिलंय. आई पगार म्हणते."

समानार्थी, विरुद्धार्थी, गटात न बसणारा.
या तिसऱ्यात ती कधी चुकत नाही.
चार शब्दांकडे नुसती बघते आणि बोट ठेवते,
नव्या वर्गात शिरल्या शिरल्या
कुणाशेजारी कुणी बसत नाही
हे कळावं तसं.

मीही दिली होती ही परीक्षा.
पानेवेझीसहून येऊन तेव्हा चौदा महिने झाले होते.
एम आय एन यू टी ई.
मी खूण केली: साठ सेकंद.
त्यांना हवं होतं: अगदी बारीक, कणभर.
स्पेलिंग तेच, उच्चार वेगळा,
आणि कागद काही उच्चार करून दाखवत नाही.
चार गुणांनी गेलं.
चार गुण म्हणजे किती, तर कणभर.

परवा ती 'ग्लीन'वर अडली.
पुस्तक म्हणतं, थोडी थोडी करून माहिती मिळवणे.
मी म्हटलं, पाठ कर, पुढे चल.
तेवढ्यात आई आली,
पिवळं जाकीट, बुटांना चिखल,
पिशवीत मशीनला न आवडलेले दोन फ्लॉवर,
एक वाकडा, एकावर तपकिरी डाग.
"काय अडलंय?"

आईचं इंग्रजी म्हणजे यस, नो, सिक, ओव्हरटाइम.
मी आमच्या भाषेत समजावू लागलो,
माहिती, थोडी थोडी, मिळवणे,
ती आठ्या घालून ऐकत राहिली.
मग खालचा, बारीक टायपातला जुना अर्थ वाचला:
कापणी झाल्यावर रानात मागे राहिलेलं वेचणे.

"अगं, सरवा!"
आणि बुटांसकट ती फरशीवर वाकली.
एका हाताने ओटी धरलेली,
दुसरा जमिनीलगत,
कणीस, पाऊल, कणीस,
कान मात्र घोड्याच्या टापांकडे,
कारण सामुदायिक शेतावर सांडलेलंही सरकारचंच असे
आणि तिच्या आजीने ओटीभर गव्हापायी
दोन रात्री कोठडीत काढल्या होत्या.
हे आम्हाला आजवर
कुठल्याच भाषेत सांगितलेलं नव्हतं.

उग्ने ओट्यावरून उतरली,
तिच्यामागे वाकली, पाऊल, कणीस.
मी नाही वाकलो.
मला कामाला उशीर होत होता.

आता त्या पत्त्याच्या मागे अर्थ नाही, चित्र आहे:
बूट घातलेली एक बाई, अर्धी मोडलेली.
चित्राला गुण नसतात, मी सांगून पाहिलं.

आज पहाटे घरी आलो.
आईची व्हॅन नुकतीच गेलेली, चहा कोमट.
पसरलेले पत्ते आवरताना हातात आला
मी न केलेला एक.
पुठ्ठा वेडावाकडा कापलेला, अक्षर तिचं.
पुढे: एम आय एन यू टी ई.
मागे: एक, साठ सेकंद. दोन, फार बारीक.
त्याखाली आणखी बारीक:
हा मान्तासला विचारायला लावायचा नाही.

गठ्ठा सारखा केला, रबर लावलं.
तो सगळ्यात वर ठेवलाय.